दोरीवर कोण बसलंय

माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करून ऐकायचं, अशी आमच्या मेडशीत पद्धत आहे. मी दहा म्हटलं की लोक पाच धरतात, मी वाघ म्हटलं की बोका धरतात. आता लोक निम्मं वजा करणार हे मला आधीच माहीत, म्हणून मी मुळातच दुप्पट सांगतो. म्हणजे शेवटी ऐकणाऱ्याच्या पदरात जे पडतं ते बरोब्बर खरं असतं. बाहेरगावच्या वाचकांना ही रीत ठाऊक नसणार, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवली.

बसथांब्यापलीकडे टीनाचं शेड टाकून मी चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. यातले चाळीस खरे आहेत, वजा करू नका, माझे गुडघे साक्षीला आहेत. या चाळीस वर्षांत माझ्या हाताखालून एवढ्या गाड्या गेल्या की एकामागे एक लावल्या तर पहिली नागपुरात आणि शेवटची अजून माझ्या शेडमध्ये पार्टची वाट पाहत असती. ती शेवटची तर खरोखरच आहे.

धंदा समजायला अवघड नाही. गाडी अडते ती तीनच कारणांनी. एक, तिला खायला मिळत नाही. दोन, तिला श्वास घेता येत नाही. तीन, तिला कोणीतरी धरून ठेवलेलं असतं. पहिली दोन कारणं बॉनेटखाली सापडतात, म्हणून आम्ही सगळे मिस्तरी गाडी आली की आधी बॉनेटकडे धावतो. तिसऱ्या कारणाला पत्ता नसतो.

नमुना म्हणून जऊळक्याच्या एका जावईबापूंची जीप सांगतो. ती जीप इतर कुठेही बंद पडायची नाही, फक्त सासुरवाडीच्या वेशीवर पडायची. नेमकी तिथेच, दर वेळी. सासरच्यांनी लिंबं उतरवली, कोंबडं कापलं, ते खाल्लंही. मी जीपमध्ये बसून गेलो. वेशीवर एक गतिरोधक होता, म्हैस आडवी झोपावी एवढा. त्याच्यावर आपटलं की बॅटरीची ढिली तार सुटायची. पाना घेऊन अर्धं मिनिट पिळलं, संपलं. जावईबापूंनी माझे आभार मानले, पण तोंड पडलेलं होतं. सासुरवाडीला न जाण्याचं एकुलतं कारण मी काढून घेतलं होतं. महिनाभराने ते पुन्हा आले आणि हळूच म्हणाले, "मिस्तरी, ते तार पुन्हा थोडी ढिली करता येते काय?"

आणि माझं नाक. आमच्या धंद्यात पान्याच्या आधी नाक लागतं. ऑइल जळतं त्याचा वास वेगळा, वायर जळते तिचा वेगळा, क्लचप्लेट जळते तिचा आणखी वेगळा. एकदा बसथांब्यावर उभ्या गाडीची वायर जळतेय हे मी घरात जेवताना सांगितलं होतं. बायको म्हणते, त्या दिवशी भाजी करपली होती. दोन्ही खरं असू शकतं. तर या नाकाचा मला फार गर्व होता, आणि त्याच नाकाने मला कसं तोंडावर पाडलं ते आता सांगायचं आहे.

विलासभाऊ ग्रामसेवक माझ्या शेडमध्ये आले तेव्हा त्यांची रिटायरमेंट दोन वर्षांवर आली होती. शांत माणूस. "जय भीम, मिस्तरी काका," म्हणाले आणि बराच वेळ टायरवर बसून राहिले. त्यांच्याकडे जुनी डिझेल व्हॅन होती, नऊ सीटची. कंपनीचं नाव सांगत नाही, तिने कुठे माझं नाव घेतलं होतं. ती आधी लग्नाची वऱ्हाडं वाहायची, मग शाळेची पोरं, आणि विलासभाऊंकडे आली तेव्हा तिच्या सीटखाली दोन्ही काळांचे अवशेष होते, अक्षता आणि पेन्सिली.

"हिला मागून हूक बसवून पायजे," विलासभाऊ म्हणाले. "मायसाठी घर बांधून राह्यलो. चाकावरचं."

त्यांची आई कौतिकाबाई, वय पंचाहत्तर. छप्पन साली नागपुरात दीक्षा झाली तेव्हा ही सहा वर्षांची पोर वडिलांच्या खांद्यावर बसून तिथे होती. पुढे दर वर्षी ती नागपूरला जायची, एसटीने, ट्रकने, मिळेल त्याने. मग दोन्ही गुडघे गेले. गुडघ्यांमुळे साधा संडास चालेना, कमोडच लागायचा, आणि रस्त्याने कमोड कुठून आणायचा? त्यावर म्हातारीने स्वतःचा उपाय काढला होता. कुठे जायचं असलं की आदल्या दिवसापासून पाणी बंद. शेवटच्या वेळी नागपूरला गेली तेव्हा सकाळपासून घोटभरही पाणी न पिता गेली, परत येताना चक्कर येऊन पडली, आणि चार दिवस सलाइनवर होती. त्यानंतर तीन वर्षं ती गावाबाहेर निघाली नव्हती. पण दीक्षेचं मैदान एकदा पाहायचंच होतं. गर्दीच्या दिवशी नाही, साध्या दिवशी, सावकाश बसून. लहानपणी बापाच्या खांद्यावरून तिला फक्त पांढरे कपडे दिसले होते, आणि नंतर दर वर्षी फक्त माणसांच्या पाठी.

म्हणून हे घर. प्रवासात माय व्हॅनमध्ये झोपून येणार, आणि वाटेत लागेल तिथे थांबून मागच्या घरात जाणार. त्यात एक पलंग, एक गॅस, पाण्याची टाकी, आणि दाराची कडी आतून लागणारा कमोड. बाकी सगळं त्या कमोडभोवती बांधलेलं. ते घर आसेगावच्या रशीदभाईंनी बनवलं. रशीदभाई ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. त्यांच्या हाताला हलकं काही बनवायची सवयच नाही, पिंजरा बनवायला दिला तर पोपटाला वाघ होऊन राहावं लागेल. घर तयार झालं आणि मी पाहायला गेलो. बाहेरून पांढरं, निळी पट्टी, खिडकीला पडदा. कौतिकाबाईंनी आत जाऊन पलंगावर बसून पाहिलं, कमोडवर बसून पाहिलं, आतली कडी तीनदा लावली, तीनदा काढली, आणि बाहेर येऊन एकच सूचना केली: पिशवी अडकवायला खुंटी पाहिजे. रशीदभाईंनी खुंटी ठोकली. ती एवढी मजबूत ठोकली की तिला धरून अख्खं घर क्रेनने उचलावं.

हूक मी बसवला. व्हॅनच्या शेपटाखाली लोखंडी चॅनल आडवा टाकला, दोन्ही बाजूंनी वेल्ड मारला, मधोमध हूक. चॅनल टाकताना हँडब्रेकची तार आड येत होती, ती चॅनलच्या खालून फिरवून घेतली. काम असं झालं की मी स्वतः त्याला हात लावून दोन मिनिटं कौतुकाने उभा राहिलो. विलासभाऊंना म्हणालो, या हुकाला मेडशी गाव बांधा आणि ओढून अकोल्याला न्या.

पहिली चाचणी पातूरच्या घाटात. विलासभाऊ चालवायला, मी शेजारी, मागे कौतिकाबाई आडव्या. मेडशी सोडल्यावर सपाट रस्त्यावर गाडी जरा जड वाटली, पण मागे घर आहे म्हटल्यावर जड वाटणारच. घाट लागला. चौथा गिअर सोडून तिसरा, तिसरा सोडून दुसरा, दुसऱ्यावरही धाप. आमच्या बाजूने एक सायकलवाला उतरून सायकल ढकलत चालला होता, तो आम्हाला ओलांडून गेला. जाताना त्याने आत डोकावून पाहिलं, इंजिन चालू आहे ना, म्हणून. तेवढ्यात वास आला. मी डोळे मिटले, नाक वर केलं आणि जाहीर केलं, "क्लचप्लेट."

दोन वळणांनंतर गाडी थांबली, आणि क्लचप्लेट म्हटल्यावर मी ती पुन्हा सुरू करू दिली नाही. भोवती माणसं जमली. घाटात एवढी माणसं येतात कुठून हे मला अजून कळलेलं नाही, झाडांना लागत असावीत. प्रत्येकाने बॉनेटमध्ये डोकं घातलं, प्रत्येकाने सल्ला दिला. चाकावरचं घर पाहायला तर जत्राच भरली. एकाने खिडकीचा पडदा बाजूला करून आत पाहिलं आणि मोठ्याने बाकीच्यांना सांगितलं, "आत संडास हाय बे."

ओढायला ट्रॅक्टर यायला अडीच तास लागले. ते अडीच तास कौतिकाबाई व्हॅनमध्ये पडून राहिल्या, हलल्या नाहीत. मागे दहा पावलांवर त्यांच्यासाठीच बांधलेली खोली होती, कडी आतून लागणारी, आणि चाळीस पुरुषांच्या देखत त्यांनी तिच्यात जाणं शक्य नव्हतं. मी खिडकीतून पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी मान हलवली.

"आतापरेंत थेंब नाई घेतला, मिस्तरी," त्या म्हणाल्या. "बरं झालं नाई घेतला."

आवाजात राग नव्हता. मला राग चालला असता.

मग दुरुस्ती सुरू झाली. घर कौतिकाबाईंच्या अंगणात उभं करून ठेवलं आणि नुसती व्हॅन शेडमध्ये आणली. क्लचप्लेट काढली. थोडी घासलेली होती, जळालेली नव्हती, पण माझ्या नाकाने सांगितलं होतं म्हणजे नाकाचं ऐकायचं. नवी टाकली. नुसती व्हॅन घेऊन घाटात गेलो, तर ती अशी उडाली की वळणावर मला माझीच मागची नंबरप्लेट दिसली. विलासभाऊंना फोन केला, झालं काम. घर जोडून गेले, अर्ध्या घाटात तोच वास, तीच धाप. अर्धा तास थांबलं की थंड होऊन पुन्हा निघायची, आणि दोन वळणांवर पुन्हा तेच. तसंच कसंबसं वळवून परत आणली.

म्हणजे मग श्वास. एअर फिल्टर बदलला. मग खाणं. डिझेलची टाकी उतरवून धुतली, फिल्टर बदलले, नोझल काढून तपासून आणले. दर वेळी नुसती व्हॅन घाटात नेऊन पाहायचो आणि दर वेळी ती हरणासारखी पळायची. शेजारच्या चहावाल्याने तर बसणाऱ्यांना सांगायला सुरुवात केली की मिस्तरीची घाटात कोणीतरी आहे, रोज जातो.

शेवटी मी मिस्तरी लोकांचा शेवटचा उपाय केला. दोष दुसऱ्यावर टाकला. रशीदभाईंना बोलावून घेतलं आणि म्हणालो की तुमचं घर नाही, किल्ला आहे, बेअरिंग आवळून बसवलंय, चाकं फिरत नाहीत. रशीदभाईंनी घर एका सपाट जागी नेलं, जॅक लावून एकेक चाक उचललं आणि करंगळीने ढकललं. चाक फिरत राहिलं. आम्ही दोघं उभे राहून पाहत होतो. बराच वेळ फिरलं ते. थांबल्यावर रशीदभाई म्हणाले, "मेरा तो हो गया, मिस्तरी. अब तुमारा देखो," आणि फटफटीला किक मारून आसेगावला निघून गेले.

घर जोडून तिसऱ्यांदा घाटात फसल्यावर विलासभाऊ शेडमध्ये आले आणि पुन्हा त्या टायरवर बसले. माय म्हणते राहू दे, म्हणाले. एका वीटभट्टीवाल्याने घर मागितलंय, राखणदाराला खोली म्हणून. माय त्याला हो म्हण म्हणते. मी तिला एकदाच, शेवटचं, बसायला तयार केलंय, विलासभाऊ म्हणाले. या वेळी चढलं नाही तर ती पुन्हा बसणार नाही, आणि मीही सांगणार नाही.

मी म्हणालो, या वेळी मी चालवतो. हे मी अशा आवाजात म्हणालो की जणू आतापर्यंत चूक चालवणाऱ्याचीच होती. खरं सांगायचं तर माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

सकाळी निघालो. कौतिकाबाई पांढरं लुगडं नेसून आल्या होत्या. विलासभाऊंनी त्यांना आडवं व्हायला सांगितलं, पण त्या दिवशी त्या उशीला टेकून बसून राहिल्या, मागच्या काचेतून आपल्या घराकडे पाहत. मी निघताना पाणी विचारलं. नको म्हणाल्या.

घाट लागला आणि तेच सगळं क्रमाने आलं. चौथा, तिसरा, दुसरा, वास. मी नाक वर केलं नाही. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. रस्त्यावर त्या दिवशी कोणी नव्हतं, झाडांना माणसं लागायचा हंगाम संपला असावा.

"मिस्तरी," मागून कौतिकाबाई म्हणाल्या, "तुमी सारे जन पुढंच काहून पायता? हे गाडी थकली नाई. हिले मांगून धरलं हाय कोनी. दोरीवर कोन बसलं हाय ते पाहा."

मला वाटलं म्हातारीला ऊन लागलं. विलासभाऊंनाही तसंच वाटलं असावं, कारण ते पाण्याची बाटली शोधू लागले. पण त्या सांगत राहिल्या, सावकाश, काचेबाहेर पाहत.

त्यांच्या बापाची बैलगाडी होती. उताराला गाडी बैलांच्या अंगावर जाऊ नये म्हणून मागे एक आडवं लाकूड बांधलेलं असायचं, आणि त्याची दोरी गाडीच्या कडेने पुढे आणून जुवाशी अडकवलेली. दोरी ओढली की ते लाकूड चाकाच्या लोखंडी धावेला दाबून बसायचं, तोच ब्रेक. छप्पन साली नागपूरला निघाले तेव्हा याच गाडीतून जऊळक्याच्या स्टेशनावर गेले. गाडीत आठ माणसं, भाकरीच्या टोपल्या, आणि कडेला कोंबलेली ही सहा वर्षांची पोर. वाटेत एक चढ लागला. बैल तोंडाला फेस येईतो ओढायचे पण गाडी हलेना. बापाने माणसं उतरवली, टोपल्या उतरवल्या, पोर तेवढी झोपली होती म्हणून वर ठेवली. तरी हलेना. तिकडे आगगाडीची वेळ होत आली होती. बाप बैलांना शिव्या देऊन दमला. मग कौतिकाबाईंच्या आईने त्याला सांगितलं, पोरगी कशावर बसली ते पहा.

"मी दोरीवर बसली होती," कौतिकाबाई म्हणाल्या. "माह्या वजनानं दोरी दबली, अन् चढावर ब्रेक लागला. बैल बिचारे ब्रेक लावून गाडी ओढून राह्यले होते. बाप हासला. मंग त्यानं मले जे खांद्यावर घेतलं ते म्हने आता तुले कुठंच बसवत नाई. नागपूरलोक खांद्यावरच नेलं त्यानं."

मी हसलो. हो, हसलो, आणि खाली उतरलो, कारण बसून तरी काय करणार होतो. उतरून मागच्या चाकाजवळ गेलो, आणि नुसतं म्हातारीचं मन राखायला ड्रमला हात लावला.

त्या हाताच्या दोन बोटांवर अजून डाग आहे, कोणालाही दाखवायला तयार आहे. बाटलीतलं पाणी ड्रमवर टाकलं तर तव्यावर टाकल्यासारखं चर्र झालं. दुसऱ्या बाजूचं चाक, तेच. पुढची दोन्ही चाकं हाताला गार. क्लचप्लेटवर जो मसाला असतो तसाच मसाला ब्रेकच्या लायनरवर असतो, आणि दोन्ही जळाले की वास जुळ्या भावांसारखा येतो. माझ्या नाकाने भाऊ बरोबर ओळखला होता, फक्त दुसरा.

गाडीखाली शिरलो. डोळ्यांसमोर हातभर अंतरावर माझा चॅनल होता, मी ज्याला हात लावून दोन मिनिटं उभा राहिलो होतो तो. त्याच्याखाली हँडब्रेकची तार. घराचं पुढचं वजन हुकावर आलं की व्हॅनचं शेपूट चार बोटं खाली बसत होतं. शेपटाबरोबर चॅनल खाली, आणि चॅनल त्या तारेवर असा दाबून बसलेला की तार सतारीसारखी ताणलेली. आत हँडब्रेकचा दांडा खाली, सुटलेला, आणि बाहेर मागच्या दोन्ही चाकांना ब्रेक लागलेला. घर सोडलं की शेपूट वर, तार ढिली, ब्रेक मोकळे, व्हॅन हरणासारखी. मी तीनही वेळा घर सोडून व्हॅन तपासली होती. ज्या वजनाने तार दाबली जात होती तेच दर वेळी अंगणात ठेवून यायचो.

आता इथे वाचकांनी थोडं थांबावं. मी पाठीवर गाडीखाली पडलो होतो. मी काय पाहतोय हे वर कोणालाच दिसत नव्हतं. तार बाजूला सरकवायला एक स्क्रू-ड्रायव्हर पुरे होता. बाहेर येऊन मी काहीही सांगू शकलो असतो. लायनर जुने होते, सिलिंडर अडकला होता, रशीदभाईचं वजन होतं. असल्या गोष्टी सांगायला मला विचारही करावा लागत नाही, चाळीस वर्षांचा सराव आहे. मी खोटं जुळवून, घडी घालून, तयारच ठेवलं होतं.

बाहेर आलो. विलासभाऊ दारात उभे. कौतिकाबाई काचेला हात लावून माझ्याकडेच पाहत होत्या.

"सापडली दोरी?" त्यांनी विचारलं.

"सापडली, मावशी."

"कोनं बांधली होती?"

जुळवलेलं सगळं जिभेवर होतं. पण ज्या बाईने सहाव्या वर्षी आठ माणसं आणि दोन बैल आपणच अडवल्याचं आज सत्तर वर्षांनी, न विचारता, कबूल केलं, तिच्यासमोर ते बाहेर येईना.

"मीच," मी म्हणालो.

त्या म्हणाल्या, "मंग तूच सोड."

त्या मला तोवर तुमी म्हणत होत्या. तूवर आल्या ते मला बरं वाटलं. पुन्हा खाली शिरलो. चक्कीतल्या पिठासारखी धूळ डोळ्यात जात होती. तारेचा बोल्ट सोडला, चॅनलच्या वरून तार घेतली, हलणार नाही अशी क्लिपने बांधली. हुकाच्या तोंडाशी असलेली पाण्याची टाकी निम्मी रिकामी केली, म्हणजे शेपूट तेवढं बसणार नाही. पुढे आठवडाभराने शेडमध्ये मागच्या स्प्रिंगच्या कमानीला एक पाटा जास्तीचा टाकला, रशीदभाईंनी टाकी सरकवून चाकांच्या बरोब्बर वर घेतली, मी त्यांच्याकडे जाऊन जे बोलायचं होतं ते बोललो, आणि त्यांनी चहा पाजला. पण ते नंतर. घाटात त्या दिवशी नुसती तार सोडवली आणि ड्रम गार होईपर्यंत बसलो.

गार झाल्यावर मी स्टिअरिंगवर बसलो. चावी फिरवणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"विलास, पानी दे."

विलासभाऊ वळले नाहीत आधी. त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग त्यांनी पेला भरून दिला. मी आरशात पाहत होतो. कौतिकाबाईंनी तो पेला पुरा प्यायला, न थांबता, गाडी अजून एक बोटही हललेली नसताना. गाडी चढेल की नाही हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या आयुष्यात मी इतक्या हळू आवाजात कधी गाडी सुरू केलेली नाही.

चढली. तिसऱ्यावर चढली, धाप नाही, वास नाही. ती उडाली, वाघासारखी गेली, असं मी एरवी सांगितलं असतं. नाही, नीट चढली, एवढंच. एक ट्रक आम्हाला ओलांडून गेलासुद्धा.

वर घाटमाथ्यावर एका मोठ्या झाडाच्या सावलीत थांबवली. विलासभाऊंनी आईला धरून उतरवलं, दहा पावलं चालवलं, घराच्या दारात चढवलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. आम्ही दोघं रस्त्याकडे पाठ करून डोंगराकडे पाहत उभे राहिलो. समोर नुसती सागाची झाडं. मी चाळीस वर्षांत या घाटात शेकडो वेळा आलो असेन, त्या डोंगराकडे असं बघायला वेळ पहिल्यांदा मिळाला.

दिवाळीच्या आधी म्हातारी नागपूरला जाऊन आली. मी गेलो नाही, गरज नव्हती, आणि मिस्तरी बरोबर घेतला की गाडी बिघडतेच अशी लोकांची समजूत आहे. विलासभाऊ सांगतात, मैदानाच्या कडेला ती दोन तास बसली, आणि निघताना म्हणाली की इथून पायलं तर सारं दिसते. त्या वीटभट्टीवाल्याला विलासभाऊंनी नाही सांगितलं. तो बिचारा अजून राखणदारासाठी खोली शोधतोय, रशीदभाईंनी त्याला किल्ला बांधून देतो असं सांगितलंय.

तर घाटमाथ्यावर. कडी उघडल्याचा आवाज आला, कौतिकाबाई दारात आल्या. खुंटीवरची पिशवी त्यांच्या खांद्यावर होती. पायरीवर उभ्या राहून त्यांनी खाली घाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विलासभाऊंकडे हात पुढे करून म्हणाल्या, "अजून एक दे."

मेडशीतल्या पद्धतीप्रमाणे माझ्या या लेखातून तुम्हाला वाटेल ते वजा करा. सायकलवाला करा, नंबरप्लेट करा, सतार करा. पाण्याचं तेवढं सोडा. म्हातारीने रस्त्यात दोन पेले पाणी प्यायलं, आणि ते पुरे दोन होते.